सात-सत्त्याऐंशी: २८ व्होल्ट, ३०० ओहमचा झेनर बॅरियर, डिझाइन करणारीच्या नजरेतून

पॅनेलवाल्याला "सात-सत्त्याऐंशी द्या" म्हटलं की तो पुढे काही विचारत नाही. एमटीएलचा ७८७, पेपरल अँड फुक्सचा झेड ७८७. दोन्ही झेनर बॅरियर, म्हणजे स्फोटक जागेकडे जाणाऱ्या तारांमधली वीज सुरक्षित मर्यादेत ठेवणारे डबे. कंपन्या वेगळ्या, पण सुरक्षेचे आकडे तेच. २८ व्होल्ट, ३०० ओहम, ९३ मिलिअँपिअर. डिस्टिलरी, पेंट कारखाना, सॉल्व्हंटचा टँक फार्म, कुठेही इन्स्ट्रुमेंट विभागाचं जुनं पॅनेल उघडा, हे पातळ डबे ओळीने बसलेले दिसतील.

मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत लेव्हल ट्रान्समीटरचं, म्हणजे टाकीतली पातळी मोजून कंट्रोल रूमला कळवणाऱ्या उपकरणाचं, इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन करते. आमचा माल मुख्यतः साखर कारखान्यांच्या इथेनॉल टाक्यांवर बसतो. ट्रान्समीटर टाकीवर, म्हणजे स्फोटक वाफेच्या जागेत. बॅरियर कंट्रोल रूममध्ये, म्हणजे सुरक्षित जागेत. मधे केबल. बॅरियरचं परीक्षण बहुतेक वेळा पॅनेल लावणाऱ्याच्या बाजूने होतं: किती जागा खातो, टर्मिनल कसे आहेत, किंमत काय. मला ते दुसऱ्या टोकाकडून करायचं आहे. टाकीवरचा सर्किट बोर्ड कसा असेल हे खरं तर या डब्यावरचे आकडे ठरवतात, म्हणून.

माझं मत आधीच सांगते. अर्थिंग नीट असलेल्या जागी याच्याइतकी भरवशाची वस्तू या किमतीत दुसरी नाही. अर्थिंगची खात्री नसेल तिथे हा अजिबात घेऊ नका.

आत काय असतं? एक फ्यूज, समांतर झेनर डायोड आणि एक रेझिस्टर, सगळं पॉटिंग करून, म्हणजे रेझिन ओतून, बंद. भरवसा एकाच झेनरवर नसतो. एक मेला तरी दुसरा व्होल्टेज धरून ठेवतो. कंट्रोल रूमच्या बाजूला चुकून २३० व्होल्ट आले, तर झेनर तो प्रवाह अर्थमध्ये वळवतात, फ्यूज उडतो, आणि तोवर टाकीकडे २८ व्होल्टच्या वर काही जात नाही. तारा तिकडे शॉर्ट झाल्या तर ३०० ओहम प्रवाह ९३ मिलिअँपिअरवर अडवतो. दोन्ही मिळून जास्तीत जास्त पॉवर ०.६५ वॉट. हिशेब सोपा आहे: २८ गुणिले ०.०९३ भागिले ४. यात सॉफ्टवेअर नाही, आयसी नाही, सेटिंग नाही. कुणीही वहीच्या एका पानावर तपासून बघू शकेल अशी ही सुरक्षा आहे, आणि मला तिचं फार मोल वाटतं.

ही विचारपद्धती खाणीतून आली. वेल्समधल्या सेंगहेनिड कोळसा खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ ला स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार गेले, शिवाय बचावाला उतरलेला एक जण दगावला. संशय होता तो विजेच्या घंटीच्या सिग्नल तारांमधल्या ठिणगीवर. घंटीला बॅटरी लहानच लागते, त्यामुळे तोपर्यंत ती निरुपद्रवी धरली जायची. त्यानंतरच्या संशोधनातून कळलं की व्होल्टेज कमी आहे म्हणून भागत नाही. ठिणगीतली ऊर्जा मोजायला हवी. हायड्रोजन आणि हवेचं मिश्रण पेटायला २० मायक्रोज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते, प्रोपेनला अडीचशे. आपल्या बोटाला जाणवतही नाही अशी ती ठिणगी असते. इन्ट्रिन्सिक सेफ्टी, म्हणजे आम्ही ज्याला नुसतं आयएस म्हणतो, तिचं सगळं काम ठिणगी होणार हे धरून ती दुबळी ठेवण्याचं आहे. फ्लेमप्रूफ पद्धतीत स्फोट जाड अॅल्युमिनियमच्या डब्यात कोंडतात. आयएसमध्ये स्फोट होण्याइतकी ऊर्जाच पाठवत नाहीत. म्हणून तर आयएस ट्रान्समीटरचं झाकण टाकीवर लूप, म्हणजे सप्लायपासून ट्रान्समीटर आणि परत असं सर्किट, चालू असताना उघडता येतं.

आता माझ्या बाजूचं काम. आयईसी ६००७९-११ हे मानक, भारतात आयएस/आयईसी म्हणून तेच (इथे आयएस म्हणजे इंडियन स्टँडर्ड). आम्हाला हवा होता एक्स (स्फोटक जागेसाठीची खूण) आयए, गट आयआयसी, टी४ (तापमानाचा वर्ग). आयआयसी हा हायड्रोजनसारख्या सर्वांत सहज पेटणाऱ्या वायूंचा गट; इथेनॉलसाठी त्याची गरज नसते, पण ग्राहक सगळ्या प्लँटला एकच मॉडेल मागतात, म्हणून कडक गट घेतला. "आयए" म्हणजे मोजावे लागणारे दोन दोष एकाच वेळी झाले तरी ठिणगी दुबळीच राहिली पाहिजे. हे दोन दोष कुठले ते सर्टिफिकेटसाठी तपासणारा ठरवतो, आणि तो सगळ्यात वाईट जोडी शोधतो. साधी आयसी त्याच्या दृष्टीने कशीही मरू शकते: शॉर्ट, ओपन, कुठलीही पिन कुठल्याही पिनला. मायक्रोकंट्रोलरमध्ये लिहिलेलं संरक्षण तो जमेस धरत नाही. विश्वास फक्त ठरावीक जातीच्या रेझिस्टरवर, दोन तृतीयांशाहून कमी ताणावर चालणाऱ्या भागांवर, आणि अंतरांवर.

अंतर ही पहिली गोष्ट जी बोर्ड मोठा करते. ३० व्होल्टपर्यंत हवेतून आणि उघड्या पृष्ठभागावरून २ मिलिमीटर. मान्य कोटिंगखाली ०.७. आजच्या ०४०२ भागांच्या, म्हणजे एक बाय अर्धा मिलिमीटरच्या, जगात २ मिलिमीटर म्हणजे मैदान. पण ही अंतरं पाळली तर दोन ट्रॅक एकमेकांना चिकटण्याचा दोष मोजावाच लागत नाही. मी नवीन मुलांना लेआउटला बसवते तेव्हा आधी फक्त ही अंतरं आखायला लावते, एकही भाग ठेवू देत नाही.

दुसरी गोष्ट कपॅसिटर, आणि इथे सात-सत्त्याऐंशीचा आकडा खरा टोचतो. मानकातल्या तक्त्याप्रमाणे २८ व्होल्टला आयआयसी गटात पॉटिंग नसलेल्या सर्किटमध्ये एकूण ८३ नॅनोफॅरडच चालतात. कुठल्याही स्विचिंग रेग्युलेटरच्या इनपुटला डेटाशीट ४.७ किंवा १० मायक्रोफॅरड मागते. म्हणजे शंभरपट. यावर उपाय दोन. एक, तो भाग पॉटिंगमध्ये बुडवणे, म्हणजे ठिणगी वायूपर्यंत पोचतच नाही. दोन, व्होल्टेज लवकर खाली आणणे. त्याच तक्त्यात ५ व्होल्टला आयआयसीमध्ये १०० मायक्रोफॅरड चालतात. २८ पासून ५ पर्यंत उतरलं की परवानगी हजारपटीहून जास्त वाढते. म्हणून आमच्या बोर्डवर इनपुटनंतर लगेच झेनर क्लॅम्प आहे, तोही एकाहून अधिक, आणि बहुतेक इलेक्ट्रॉनिक्स त्याच्या मागे राहतं. ज्यांना या क्षेत्रात उतरायचं आहे त्यांनी बाकी मानक उघडण्याआधी हा एक तक्ता नीट वाचावा. सर्किटची रचना त्यातूनच निघते.

तिसरी गोष्ट, आतला साठा बाहेर येऊ द्यायचा नाही. केबल शॉर्ट झाली तर ट्रान्समीटरमधले कपॅसिटर उलटे केबलमध्ये रिकामे होता कामा नयेत. त्यासाठी इनपुटला एकापाठोपाठ तीन डायोड. 'आयए' दर्जासाठी तीनच, कारण दोन शॉर्ट झाले तरी एक उरायला हवा. त्यामुळे बाहेरून दिसणारी कपॅसिटन्स फक्त ३ नॅनोफॅरड एवढी ठेवता आली. पण प्रत्येक डायोड व्होल्टेज खातो, आणि व्होल्टेजची गरिबी हीच सात-सत्त्याऐंशीची सर्वांत मोठी अडचण आहे. तिच्याकडे येतेच.

उष्णतेच्या बाबतीत मात्र हा बॅरियर डिझायनरला आशीर्वादच आहे. टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या आत. मानकात एक सवलत आहे: भाग २० चौरस मिलिमीटरहून मोठा असेल आणि त्याच्यात दोष धरूनही ४० अंश वातावरणात १.३ वॉटपेक्षा जास्त पॉवर जात नसेल, तर तापमान न मोजता टी४ मिळतो. ६० अंशांना तीच मर्यादा १.२ वॉट. त्याहून लहान भागांना तर २७५ अंशांपर्यंत मुभा. बॅरियर मुळात देतोच ०.६५ वॉट, सगळीच्या सगळी एका भागात गेली तरी १.२ च्या निम्म्याच्या जवळपास. त्यामुळे आमच्या फाइलमधलं उष्णतेचं प्रकरण छोटं झालं.

इथे एक आग्रहाने सांगते. सर्टिफिकेटवर वातावरणाचं तापमान लिहिलं नसेल तर ते उणे २० ते अधिक ४० धरलं जातं. सोलापूर, लातूर, नागपूरच्या उन्हाळ्यात टाकीच्या पत्र्यावर ४० ही सकाळची गोष्ट असते. आमच्याकडे ट्रान्समीटर विकत घेणाऱ्यांनी, आमचा घ्या किंवा कुणाचाही, लेबलवर अधिक ६० बघून घ्यावं.

आता व्होल्टेज. हा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. सप्लाय २४ व्होल्ट. सात-सत्त्याऐंशीचा जाण्याचा रस्ता फ्यूज धरून सुमारे ३४० ओहम. २० मिलिअँपिअरला, म्हणजे नेहमीच्या सिग्नलच्या कमाल प्रवाहाला, ६.८ व्होल्ट गेले. परतीचा रस्ता डायोडचा, त्यात साधारण १.४. पीएलसीच्या (कंट्रोल रूममधल्या नियंत्रण संगणकाच्या) इनपुटवर २५० ओहम, म्हणजे ५. उरले १०.८. केबलचे थोडे वजा करा. आता ट्रान्समीटरने बिघाड झाल्याचं कळवायला प्रवाह २२ मिलिअँपिअर केला, तर उरतात साडेनऊच्या जवळपास. बाजारात कित्येक ट्रान्समीटर १०.५ किंवा १२ व्होल्ट मागतात. १२ वाला सुरुवातीलाच अडतो, ते निदान लक्षात तरी येतं. १०.५ वाल्याची गोष्ट जास्त वाईट. तो रोज नीट चालतो, कमिशनिंगला सही होते, आणि ज्या दिवशी बिघाडाचा सिग्नल द्यायचा त्याच दिवशी व्होल्टेज अपुरं पडून बंद-चालू होत राहतो. म्हणून आम्ही आमचा ट्रान्समीटर ९ व्होल्टवर चालेल असाच बांधला, तीन डायोड धरून. फार काम लागलं, पण त्याचा मला अभिमान आहे.

ज्यांचे ट्रान्समीटर असे नाहीत, ते काय करतात? सप्लायचा स्क्रू फिरवतात. एका कारखान्यात मी पाहिलं, टाकीवर व्होल्टेज पुरेना म्हणून कुणीतरी सप्लाय २८ च्या जवळ नेऊन ठेवला होता. सात-सत्त्याऐंशीची कामाची मर्यादा साधारण २६ ते २७ पर्यंत. त्यापुढे झेनर आपलं काम करू लागतात: प्रवाह अर्थमध्ये जातो आणि आतला ५० मिलिअँपिअरचा फ्यूज उडतो. फ्यूज पॉटिंगच्या आत. बदलता येत नाही, येऊही नये. डबाच फेकायचा. तिथल्या इन्स्ट्रुमेंट विभागातले दादा कंटाळून म्हणाले, "मॅडम, हे बॅरियर टिकतच नाहीत." मी मीटर लावून सप्लाय दाखवला. २४ वर आणला आणि ट्रान्समीटर बदलला, तेव्हा तक्रार मिटली.

अर्थिंगकडे वळते. झेनर बॅरियरची सुरक्षा पूर्णपणे त्या एका तारेवर उभी आहे. झेनरने वळवलेला प्रवाह जायला जागा नसेल तर तो टाकीकडे जाईल. आयईसी ६००७९-१४ च्या नियमाने बॅरियरच्या अर्थबारपासून मुख्य अर्थपर्यंत १ ओहमच्या आत, तार किमान ४ चौरस मिलिमीटरची, किंवा दीड-दीडच्या दोन. मी नेहमी दोन तारा सुचवते. एक सोडून दुसरीतून मोजता येतं, प्लँट थांबवावा लागत नाही. ही तार स्वतंत्र हवी, इन्सुलेशनसकट. मोटारीच्या पॅनेलच्या बॉडीला जोडलेली आयएस अर्थ मी पाहिली आहे. तसं दिसलं की मी आधी ते लिहून देते आणि मगच पुढचं काम करते.

बॅरियरने सर्किट कंट्रोल रूममध्ये अर्थ केलं, म्हणजे टाकीवर ते दुसऱ्यांदा अर्थ व्हायला नको. म्हणून ट्रान्समीटरचं सर्किट बॉडीपासून ५०० व्होल्टला वेगळं असावं लागतं. आणि इथेच डिझायनरची खरी ओढाताण होते. विजेच्या लहरींपासून वाचायला सर्ज अरेस्टर बॉडीला जोडावा असं एक मानक सुचवतं, आणि अरेस्टर जोडला की ५०० व्होल्टची चाचणी नापास. तो ठेवायचा असेल तर सर्टिफिकेट नंबरच्या शेवटी 'X' हे अक्षर लागतं, म्हणजे बसवताना पाळायची खास अट. आम्ही अरेस्टर वेगळ्या मॉडेलमध्ये ठेवला. पावसाळ्यात उघड्यावरच्या टाक्यांना तो हवा असतो. मग तिथे अट वाचून, अर्थिंग समजून बसवा.

केबलची गोष्ट थोडक्यात. कपॅसिटन्स माहीत नसेल तर मीटरला २०० पिकोफॅरड धरायची. आयआयसीला ८३ नॅनोफॅरडमधून आमचे ३ वजा, ८० उरले. म्हणजे ४०० मीटर. मोठ्या टँक फार्मला हे कमी पडू शकतं. पण तिथला वायू आयआयबी या कमी कडक गटातला असेल तर त्याच बॅरियरला ६५० नॅनोफॅरड मिळतात आणि अंतर तीन किलोमीटरच्या वर जातं. इथेनॉलच्या टाकीला उगाच आयआयसीचा हिशेब लावून महाग केबल घेणारे भेटतात. तसं करू नका. उपकरण आयआयसीचं असलं तरी लूपचा हिशेब तिथल्या वायूच्या गटाने करता येतो.

चाचणीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण ती मला फार आवडते. ठिणगीच्या यंत्रात कॅडमियमची खाचा असलेली चकती आणि टंगस्टनच्या चार तारा असतात, दोन्ही फिरतात, आणि कोठीत वायू: आयआयसीसाठी २१ टक्के हायड्रोजन, बाकी हवा. सर्किट त्याला जोडायचं आणि शेकडो फेऱ्या ठिणग्या पाडायच्या. त्याआधी २४ व्होल्ट आणि ९५ मिलिहेन्रीच्या सर्किटने यंत्र तपासतात; ३० मिलिअँपिअरला मिश्रण पेटलंच पाहिजे, नाहीतर यंत्रच आळशी आहे असं समजायचं. आमच्या सर्किटचा बराच भाग तक्त्यांवरून पास झाला, त्यामुळे चाचणी थोडीच लागली. ठरलेल्या आकड्यांचा बॅरियर धरून डिझाइन केल्याचा हाही फायदा. नंतर सगळे कागद पेसोकडे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे, नागपूरला. ड्रॉइंगवरचा सुरक्षेशी संबंधित एकही भाग नंतर परस्पर बदलता येत नाही, म्हणून क्लॅम्पचे झेनर आणि इनपुटचे डायोड निवडताना बाजारात बरीच वर्षं राहतील असेच निवडा.

आता पर्याय, गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. तो ट्रान्सफॉर्मरने दोन्ही बाजू तोडतो. आयएस अर्थ लागत नाही, सप्लायचं व्होल्टेज वरखाली झालं तरी चालतं, आणि टाकीकडे २० मिलिअँपिअरला साधारण १५ व्होल्ट पोचतात. १२ मागणारा ट्रान्समीटरही सुखाने चालतो. तोटे: किंमत बरीच जास्त, आत इलेक्ट्रॉनिक्स असल्याने बिघडायला जागा जास्त, पॅनेलमध्ये उष्णता. नवीन प्लँट, लांबवर पसरलेल्या टाक्या, वेगवेगळ्या इमारतींची वेगवेगळी अर्थिंग, असं असेल तर मी स्वतः आयसोलेटरच सुचवते. जुना प्लँट, एकच कंट्रोल रूम, दरवर्षी अर्थ मोजून नोंद ठेवणारा विभाग, तर सात-सत्त्याऐंशी घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या ट्रान्समीटरवर घाला.

घेताना सर्टिफिकेटची पूर्ण प्रत मागा, पहिलं पान नव्हे. त्यात आयआयसी आणि आयआयबी दोन्हींची कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स बघा. ट्रान्समीटरच्या सर्टिफिकेटवरचे इनपुट आकडे बॅरियरच्या आउटपुटइतके किंवा जास्त आहेत का ते तिन्ही आकड्यांसाठी ताडून बघा: २८ व्होल्ट, ९३ मिलिअँपिअर, ०.६५ वॉट. हे सगळं एका कागदावर लिहून पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवा. चारपाच डबे सुटे ठेवा, आणि एक उडाला तर नवा लावण्याआधी सप्लाय मोजा.